वेगवान गडी आहेत, तरी आक्रमण फसतं

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या खो-खो संघात दोन अतिशय वेगवान मुलं आहेत. तरीही ९ मिनिटांच्या आक्रमणात गडी बाद होत नाहीत. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी काय बदलू? – एक क्रीडाशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सर, पळणाऱ्यापेक्षा बसलेल्या आठ जणांकडे पाहा. दोन चौकोनांमधलं अंतर साधारण २.३० मीटर असतं. धावक एकेरी साखळी खेळत असेल, तर तो दर दोन पावलांनी बाजू बदलतो. तुमच्या आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागे वळताही येत नाही. त्याचा वेग तिथेच संपतो. पुढचं काम पाठमोऱ्या बसलेल्याचं.

बहुतेक संघांत बसलेला गडी टाचा टेकवून, सैल बसतो. खो मिळाल्यावर आधी उठतो, मग दिशा शोधतो. तेवढ्यात धावक निसटतो. त्याला धावेच्या सुरुवातीसारखा एक पाय पुढे, एक मागे ठेवून बसवा. वजन चवड्यांवर, नजर धावकावर. पण खो मिळण्याआधी उठू देऊ नका. तो फाउल आहे आणि जमलेली लय मोडते.

रोज सकाळी, ऊन चढण्याआधी, धावक न ठेवता नुसती खो-साखळी घ्या. तुमच्या दोन वेगवान मुलांना खांबांजवळ बसवा. सामन्यात धावकाला तिकडे रेटत न्यायचं आणि शेवटचा सूर त्यांनी मारायचा. ही मांडणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या सामन्यांची चित्रफीत मुलांना दाखवा, पण फक्त बसलेल्यांचे पाय पाहायला सांगा.