आधी गादी, मग खुर्ची

मज्जारज्जूला इजा झालेला माणूस घरी यायच्या दिवशी बहुतेक घरांत धावपळ करून मेडिकलमधून फोल्डिंग व्हीलचेअर आणली जाते. सात-आठ हजारांत मिळते. पण ती कुणीतरी ढकलत न्यायची खुर्ची आहे. दिवसभर बसून स्वतःच्या हातांनी चाकं फिरवायची नव्हे. सीट अंगापेक्षा रुंद असली की माणूस एका बाजूला कलतो आणि खांदे दुखू लागतात. मापाची, हलकी खुर्ची आता भारतातच बनते. आयआयटी मद्रासमध्ये घडलेल्या निओफ्लायसारख्या खुर्चीला साधारण ४० हजार धरा.

तेवढे नसतील तर खुर्ची साधीच राहू द्या, पण तिच्यावरच्या बसायच्या गादीत काटकसर नको. कमरेखाली संवेदना नसली की दाब कळत नाही आणि रेक्झिनच्या सीटवर काही तासांतही जखम सुरू होऊ शकते. हवेच्या कप्प्यांची साधी गादी काही हजारांत येते, परदेशी २०-३० हजारांची. बेडसोअर झाला तर मात्र महिनोन्‌महिने पालथं पडून राहणं, कधी शस्त्रक्रिया, आणि घरातल्या एकाची नोकरी सुटणं. गादी असली तरी दर १५-३० मिनिटांनी अंग उचलायचंच. त्याला पैसे पडत नाहीत.

मग न्हाणीघर. खुर्चीची रुंदी सुमारे २५ इंच आणि आपल्याकडचं न्हाणीघराचं दार कितीदा तरी २४ इंचांचं! गवंड्याला दार ३६ इंच करायला सांगा, उंबरठा काढा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांब उतार लागतो, त्याहून तीव्र नको. बिछान्यावरून खुर्चीत सरकायची गुळगुळीत फळी सुतार करून देतो.

लघवी आपोआप होत नसेल तर ती काढायच्या नळीचा खर्च मात्र दरमहा असतो. दिवसाला पाच नळ्या, एक ३० रुपयांची धरली तर ४,५०० रुपये.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, लगेच काढा. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत किमान ४० टक्के अपंगत्व आणि मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधनं मोफत मिळतात, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणी होते. खुर्ची घेण्याआधी थेरपिस्टकडून माप लिहून घ्या.

आणि स्टेम सेलच्या नावाने लाखो मागणाऱ्यांना कृपा करून शेत विकून पैसे देऊ नका. मज्जारज्जूसाठी हा उपचार सिद्ध झालेला नाही; आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.