कामगार संघटना आणि अर्थव्यवस्था : मिरकरवाडा बंदरावरून एक विचार

रत्नागिरी शहरालगतच्या मिरकरवाडा बंदरात जून-जुलै या महिन्यांत नौका नांगरून पडलेल्या दिसतात. पावसाळी बंदीचा हा काळ. तो संपला की नेपाळमधून आणि अन्य प्रांतांतून आलेले खलाशी पुन्हा नौकांवर चढतात आणि मे महिन्यापर्यंत बंदराचा संसार त्यांच्या श्रमावर चालतो. या खलाशांची संघटना बांधली गेली तर बंदराचे भले होईल की धंदा बुडेल, असा प्रश्न येथे विचारला की उत्तर देणारा बहुधा मुंबईच्या गिरणी संपाचा दाखला देतो. कोकणात हे स्वाभाविकच आहे. गिरणगावातील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने होती व त्यांच्या मनिऑर्डरींवर गावोगावच्या चुली पेटत होत्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात दोन लाखांहून अधिक कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगार कायमचे बेकार झाले आणि कित्येक कुटुंबे गावी परतली. संघटनेमुळे उद्योग बुडतो, याचे उदाहरण म्हणून हा संप सांगितला जातो. परंतु जुनाट यंत्रसामग्री, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांची स्पर्धा आणि गिरण्यांच्या जमिनींना आलेले मोल यांचा हिशेब त्यात धरला जात नाही. आणखी एक गोष्ट विसरली जाते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे ठेवला होता. तिच्यावरील कामगारांचा विश्वास उडाला, तेव्हा त्यांचे म्हणणे मांडण्याची कायदेशीर वाटच उरली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते १९८२ चा संप हा संघटनेच्या अतिरेकाइतकाच कामगारांचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याच्या व्यवस्थेच्या अभावाचाही परिणाम होता.

याच गिरण्यांच्या इतिहासात दुसरी बाजूही आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली. त्या सुटीने कापडधंदा बुडाला नाही. उलट केरळमध्ये, काम न करता नुसते उभे राहून हमालीचे पैसे मागण्याची 'नोक्कुकुली' नावाची प्रथा इतकी त्रासदायक ठरली की २०१८ मध्ये तेथील शासनाला ती बंद करावी लागली. रिचर्ड फ्रीमन व जेम्स मेडॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ च्या ग्रंथात संघटनेला दोन मुखे असल्याचे म्हटले आहे : एक मक्तेदारीचे, दुसरे गाऱ्हाण्याला वाचा फोडण्याचे.

आता बंदराकडे वळू. नौका म्हणजे गिरणी नव्हे. येथील मालक पुष्कळदा स्वतःच मच्छिमार असतो, कर्जाने नौका बांधलेला असतो. मासळी नाशिवंत; एक दिवस काम थांबले तर बर्फातला माल मातीमोल होतो. त्यामुळे संपाचे हत्यार येथे फार धारदार आहे आणि ते चालविणाऱ्याचाही हात कापते, कारण जेथे खलाशी वाट्यावर काम करतो, तेथे मालकाचे नुकसान हे त्याचेही नुकसान असते. लिलावात मासळीचा भाव सर्वांसमक्ष पुकारला जातो. त्यात लपण्यासारखे काही नाही. वाद उद्भवतो तो डिझेल, बर्फ, शिधा आणि आगाऊ दिलेली उचल यांच्या वजावटीवरून. हा हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि मराठी न वाचणाऱ्या खलाशाला ती वही असून नसल्यासारखीच.

मालकाचीही तक्रार खोटी नाही. उचल घेऊन खलाशी मध्येच निघून गेला तर ऐन हंगामात नौका किनाऱ्याला लागते. लेखी करार नसल्याचे हे दुसरे टोक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्ये मासेमारीतील कामाविषयी जो करार स्वीकारला, त्यात प्रत्येक खलाशाशी लेखी करारनामा करण्यावर भर आहे, तो याच कारणाने.

वर्षातील ठराविक महिनेच येथे राहणाऱ्या परप्रांतीय खलाशाने निवडणुका घेऊन, वर्गणी गोळा करून संघटना चालवावी, ही अपेक्षा व्यवहार्य वाटत नाही. अशा विखुरलेल्या श्रमिकांसाठी महाराष्ट्राने एक वेगळा मार्ग पूर्वीच काढला आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नोंदणी करते, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार यांची सोय होते. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे निघाले हे खरे. पण त्यामुळे हमालाला मिळालेला भविष्य निर्वाह निधी खोटा ठरत नाही.

बंदरासाठी याच धर्तीवर खलाशांची नोंदवही ठेवता येईल. कोण कोणत्या नौकेवर, किती उचल, वजावट कशाची, हे तीत हंगामाच्या आरंभीच लिहिले जावे. खलाशाला समजेल अशा भाषेत त्याची प्रत मिळावी. मच्छिमार सहकारी संस्थांकडे सभासदांची दप्तरे असतातच. काम त्यांच्यापासून सुरू होऊ शकेल. मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बंदरावर दिली, तर ती प्रत खलाशाला वाचून दाखविण्याचा प्रश्नही सुटेल.