न किडलेला दात का दुखतो?

बनारसमध्ये दात दुखतो म्हटलं की पहिला आळ पानावर. दुर्गाघाटावरच्या आम्हा मराठी मंडळींचीही त्यातून सुटका नाही. मी पान खात नाही, दातही किडलेला नव्हता. तरी वरच्या सुळ्याआधीच्या दाताच्या हिरडीवर पुळी यायची, फुटायची, पुन्हा यायची. एका दवाखान्यात रूट कॅनल झालं. एक्स-रेत भरण झकास दिसलं, आणि काही महिन्यांत पुळी परत हजर! मग सल्ला मिळाला, ‘काढूनच टाका.’

तो सल्ला बाजूला ठेवून मी बनारस हिंदू विश्वविद्यालयाचं (बीएचयू) दंतविज्ञान संकाय गाठलं. तिथे डॉक्टरांनी आरसा धरून दाताची मागची बाजू दाखवली. टाळूकडच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी खाच. लहानपणी दात घडतानाच त्याचं एनॅमल आत दुमडलं गेलं होतं. अशा घडीत जंतू साचतात आणि तिथलं एनॅमल पातळ असलं की दाताच्या नसेपर्यंत पोचतात. वरून कीड दिसेलच असं नाही. दंततज्ज्ञ ओहलर्स यांनी 1957 साली अशा घडीचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात घडी दाताच्या डोक्यातच थांबते, दुसऱ्यात मुळात उतरून बंद होते, तिसऱ्यात मुळाच्या बाजूला किंवा टोकाशी वेगळं तोंड उघडते. माझा तिसरा. आधी मुख्य कॅनल साफ झाला होता, घडीतली घाण तशीच राहिली होती.

साध्या सपाट एक्स-रेत हे नेहमी पूर्ण उलगडत नाही. दाताचं त्रिमितीय चित्र देणाऱ्या सीबीसीटी स्कॅनमध्ये उलगडलं. वेड्यावाकड्या पोकळीत कॅनल घासायची फाइल सगळीकडे पोचत नाही, म्हणून मायक्रोस्कोपखाली हायपोक्लोराइटने धुणं, मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध, शेवटी घडीच्या मुळाकडच्या रुंद तोंडाशी एमटीए नावाचं सिमेंट. काम कंटाळवाणं, जबडा भरून येतो.

तेव्हा रूट कॅनलनंतरही पुळी आली तर दात काढण्याआधी सीबीसीटीबद्दल विचारा. सरसकट प्रत्येक दाताला मात्र तो नको. खालच्या दुसऱ्या दाढेतही कॅनल कधीकधी इंग्रजी ‘सी’सारखे जोडलेले असतात, तिथेही हाच घोळ. आणि अशी घडी सापडली, तर रूट कॅनलआधी नस जिवंत आहे का, ही चाचणी करून घ्या. तिसऱ्या प्रकारात कधी नुसती घडी साफ करून नस वाचवता येते.

मुलांचे पुढचे पक्के दात आले की मागूनही तपासून घ्या, दोन्ही बाजूंचे. माझ्या दुसऱ्या बाजूच्या त्याच दातालाही तशीच खाच निघाली. ती वेदना सुरू होण्याआधीच एका बैठकीत बुजवली.