उशिरा शिकलेली आई : लक्ष्मीबाई टिळक

आळेफाट्यावर उभं राहिलं की चार वाटा फुटतात. एक पुण्याला जाते. एक कल्याणला जाते. एक संगमनेरवरून नाशिकला जाते. चौथी बेल्ह्यावरून, टाकळी ढोकेश्वरावरून नगरला जाते. त्या नगरला आता अहिल्यानगर म्हणतात. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला या वाटा पाठ आहेत. कुणी कांदा घेऊन जातं, कुणी लेकीला भेटायला जातं.

आजच्या धड्यातली बाई यांतल्या दोन वाटांच्या टोकांना राहिली. तिचं माहेर नाशिकजवळ. संसाराची पुष्कळ वर्षं नगर जिल्ह्यात गेली. तिचं नाव लक्ष्मीबाई टिळक. आपल्या भागात आई म्हटलं की आधी शिवनेरीच्या जिजाऊंचं नाव ओठांवर येतं, आणि ते बरोबरच आहे. पण लक्ष्मीबाई गडावरच्या नव्हत्या. त्या चुलीपुढच्या होत्या. म्हणून त्यांची गोष्ट आपल्याला फार जवळची वाटते.

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचं गाव आहे. तिथे १८६८ साली एका ब्राह्मण घरात ही मुलगी जन्मली. माहेरचं आडनाव गोखले. नाव मनकर्णिका, पण सगळे तिला मनू म्हणत.

मनूच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांच्या मनाने एक वेड घेतलं. ते वेड सोवळ्याचं. याचा स्पर्श नको, त्याची सावली नको. घरात येईल ती वस्तू धुवायची. धान्य धुवायचं, मीठसुद्धा धुवायचं! आता मीठ धुतल्यावर उरणार काय? पण वडिलांपुढे बोलणार कोण? साऱ्या घराला त्या वेडाचा जाच होता. मनू अशा घरात वाढली. हे नीट लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

शाळेचं नाव नव्हतं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ सालीच मुलींची शाळा काढली होती. पण ते वारं मनूच्या उंबऱ्यापर्यंत आलं नव्हतं. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव नारायण वामन टिळक. मनूची लक्ष्मी झाली.

टिळक मोठे कवी झाले. फुलांवर, मुलांवर त्यांनी गोड कविता केल्या. मनाने मऊ, पण रागीट. हाती पैसा टिकत नसे. समोर गरजवंत दिसला की हात खिशात गेलाच. एका गावी पाय ठरत नसे. आज इथे नोकरी, उद्या तिथे. कधी न सांगता घरातून निघून जात. मागे बायकोने काय शिजवायचं, हा विचार त्यांना फार वेळा सुचत नसे. मोठ्या माणसाची बायको होणं सोपं नाही, मायबहिणींनो. दुनियेला त्याची कविता दिसते. घरच्या बाईला रिकामा डबा दिसतो.

पण एक गोष्ट टिळकांनी केली. बायकोला अक्षर शिकवायला घेतलं. हे शिकवणंही त्यांच्या स्वभावासारखंच चाललं. आज उत्साह, उद्या राग, परवा विसर. नेम असा नव्हताच. तरी लक्ष्मी चिकटून राहिली. हळूहळू वाचू लागली. मोडकं तोडकं लिहूही लागली. शुद्धलेखन मात्र तिला जन्मभर जमलं नाही. ऱ्हस्व दीर्घ चुकायचेच. आपल्या वर्गात वेलांटी चुकली की पाटी पदराखाली झाकणाऱ्या बाया आहेत. त्यांनी एवढं वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

१८९१ साली मुलगा झाला. त्याचं नाव देवदत्त. घरात त्याला दत्तू म्हणत.

मग एक मोठा घाव बसला. टिळक एकदा आगगाडीने मध्य प्रांतात राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं झालं. त्याने जाताना टिळकांना बायबलचा नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला. वाचत राहिले, विचार करत राहिले. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

बायको दूर, नातेवाइकांत. तिला आधी सांगितलं नव्हतं. बातमी आली तेव्हा घरात रडारड झाली. त्या काळी याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत, पण त्याच्या ताटाला ताट लावता येत नाही. त्याच्या घरचं पाणी चालत नाही. ना सवाशीण, ना विधवा. लोक बोलत. कुणी कीव करी, कुणी टोमणे मारी. कडेवर लहान मूल. लक्ष्मीबाई कधी नाशिकला राहिल्या, कधी नातेवाइकांबरोबर पंढरपूरला. अशी चार-पाच वर्षं गेली. याच दुःखात त्यांना कविता सुचू लागली. सांगायला माणूस नव्हतं, म्हणून कागदाला सांगितलं म्हणा ना.

नवऱ्याची पत्रं येत. तो बोलवत होता. पण बळजबरी त्याने केली नाही. तू तुझा धर्म पाळ, तुझं सोवळं पाळ, पण जवळ ये, असं त्याचं म्हणणं. शेवटी लक्ष्मीबाई गेल्या. टिळक तेव्हा नगरला होते. तिथे अमेरिकन लोकांचं मिशन होतं. पाद्री तयार करायची त्यांची शाळा होती, तिच्यात टिळक शिकवत.

लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ गेल्या, पण चूल वेगळी. पाणी वेगळं. मीठ धुणाऱ्या बापाची ती लेक. तिच्या हाडीमांसी ते भिनलेलं. नवऱ्याचा धर्म नवऱ्यापाशी, माझा माझ्यापाशी, अशी ती राहिली.

आता या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात मोठा भाग येतो. टिळक कसे बदलले हे पुष्कळ जण सांगतात. ते पुस्तकं वाचून बदलले. लक्ष्मीबाई कशा बदलल्या? त्या आधी जातीपाशी अडखळल्या. त्यांनी मनाशी विचार केला, की देवाने बाई केली आणि बाप्या केला. ते दिसतं. पण जात कुठे दिसते? ती तर माणसाने केली. मग माणसाने केलेल्या गोष्टीपायी मी माणसाला दूर का लोटायचं? हा विचार त्यांना कुणी भाषण करून दिला नाही. तो त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला. आणि नुसता विचार करून त्या बसल्या नाहीत. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी घ्यायचं, कुणाच्याही हातचं जेवायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि तसं केलं.

वाचायला हे सोपं वाटतं. पण ज्या घशाला लहानपणापासून शिकवलं की हे पाणी विटाळाचं, त्या घशाखाली पहिला घोट कसा उतरला असेल! गावातल्या पाणवठ्यांची जुनी हकिगत आपल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. कोण वर भरी आणि कोण खाली ताटकळे, ते त्यांना विचारा. मग या एका घोटाची किंमत कळेल.

पुढे १९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी स्वतः ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नवरा गेला म्हणून बायको गेली, असं लोक म्हणाले. पण मधली पाच वर्षं मोजा. नवऱ्यामागे डोळे मिटून जाणारी बाई पाच वर्षं थांबत नाही. धर्म कुणी बदलावा का बदलू नये, हे सांगायला हा धडा नाही. ज्याचा देव त्याच्यापाशी. पण ही बाई आपल्या पायांनी चालत गेली, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

त्या दीक्षेनंतर त्यांची भक्ती कशात दिसली? घरात दिसली. तेव्हा नगरकडे मोठा दुष्काळ पडला होता. १८९९ आणि १९०० चा तो दुष्काळ. माणसं मेली, गुरं मेली, पोरं उघडी पडली. मागून प्लेगची साथ होतीच. टिळकांच्या घरी पोरकी मुलं येऊ लागली. टिळक कुणाला तरी हाताशी धरून आणणार. खायला घालायचं, न्हाऊ माखू घालायचं, उवा काढायच्या, आजारपणं काढायची, हे सगळं लक्ष्मीबाईंनी केलं. पगार थोडा. पोरांची जात कुणी विचारली नाही. ज्या घरी मीठ धुतलं जाई, त्या घरची लेक आता कुणाचंही पोर मांडीवर घेत होती.

एक मोठा मुलगाही या घरी येऊन राहिला. १९०७ साली जळगावला कवींचं संमेलन भरलं होतं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या मुलाने कविता म्हटली. लोकांनी त्याला ‘बालकवी’ हे नाव दिलं. टिळकांनी त्याला आपल्या घरी नगरला आणलं. तुमच्या पोरांच्या शाळेच्या पुस्तकात बालकवींच्या कविता असतात. हा मुलगा फार हळवा, लगेच रुसणारा. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. १९१८ साली भादली स्टेशनजवळ तो रेल्वेखाली सापडला आणि गेला. वय अवघं सत्तावीस. त्याच्याविषयी लक्ष्मीबाईंनी लिहिलेलं वाचताना डोळ्यांना पदर लावावा लागतो.

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाईंचं वय पन्नासच्या पुढे. शाळेचा दाखला नाही. पण त्या बसून राहिल्या नाहीत. मुंबईला मुलींच्या वसतिगृहात त्यांनी देखरेखीचं काम धरलं. परक्या घरच्या लेकींवर लक्ष ठेवायचं, दुखलं खुपलं बघायचं, भांडणं मिटवायची. हे काम त्यांना कुणी शिकवायला नको होतं! पुढे मुलाला कराचीत नोकरी लागली, म्हणून त्याच्याबरोबर थेट कराचीला गेल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती.

पुण्याच्याच जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी पोरक्या आणि टाकलेल्या बायांसाठी ‘मुक्ती’ नावाचं मोठं घर उभं केलं. त्याही ख्रिस्ती, त्याही एका लेकीची आई. रमाबाईंचं काम डोंगराएवढं. पण रमाबाई लहानपणापासून संस्कृत शिकलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून एखादी बाई म्हणेल, आपल्याला हे जमायचं नाही. लक्ष्मीबाईंकडे पाहून तसं म्हणायला जागा राहत नाही.

आता पुस्तकाची गोष्ट. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. तो आईला म्हणाला, तुला आठवतं ते लिहून दे. आई लिहायला बसली. आणि नवऱ्याच्या आठवणी लिहिता लिहिता तिचं स्वतःचंच सारं आयुष्य कागदावर आलं. सोवळ्याचा जाच आला. भूक आली. भांडणं आली. फजिती आली. या पुस्तकाचं नाव ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या सालांत ते चार भागांत छापून निघालं. पहिला भाग निघाला तेव्हा बाई सहासष्ट वर्षांची होती.

पुस्तकात त्या नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात. नुसतं टिळक! आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागतो. त्यांनी टिळकांचा राग लपवला नाही, वेडेपणा लपवला नाही, आणि मायाही लपवली नाही. स्वतःवर तर त्या सगळ्यांत जास्त हसल्या. भाषा घरात बोलतो तशी, साधी. मोठमोठ्या पंडितांनी जड पुस्तकं लिहिली, ती कपाटात राहिली. हे पुस्तक लोक अजून वाचतात. इंग्रजीतही त्याचं भाषांतर झालं आहे.

आणखी एक काम त्यांनी पुरं केलं. येशू ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत लिहायला टिळकांनी घेतलं होतं. नाव ‘ख्रिस्तायन’. दहाएक अध्याय झाले आणि टिळक गेले. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्याने बायकोला अक्षर शिकवलं, त्याचं अर्धं राहिलेलं पुस्तक बायकोने पुढे नेलं. शेवट मुलाने पुरा केला.

२४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई वारल्या.

आता पाटी घ्या. पाटी नसेल तर वही घ्या. आपल्या आईचं नाव लिहा. तिच्या माहेरच्या गावाचं नाव लिहा. मग तिची एक आठवण तीन-चार ओळींत लिहा. तिच्या हातची भाकरी, तिचा मार, तिचं एखादं बोलणं, काहीही चालेल. वेलांटी चुकली तर खोडू नका, तशीच पुढे जा. लिहून झालं की शेजारणीला वाचून दाखवा आणि तिचं ऐका. ज्यांना अजून लिहिता येत नाही, त्यांनी तोंडाने सांगावं आणि शेजारणीने लिहून घ्यावं. पुढच्या वर्गाला येताना ते पान बरोबर आणा.