सुरुंग : एका युद्धसंज्ञेचे अर्थांतर

मराठीतील युद्धविषयक शब्दसंपत्तीत ‘सुरुंग’ हा शब्द आजच्या वाचकाला ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच तो फसवा ठरतो. ऐतिहासिक गद्य वाचताना सुरुंग म्हणजे स्फोटक वस्तू, असा अर्थ सहज गृहीत धरला जातो. मग ‘सुरुंग खणला’ या प्रयोगापाशी वाचक अडखळतो; कारण स्फोटक पुरता येते, खणता येत नाही. या शब्दाचा अर्थ त्याच्यासोबत येणाऱ्या क्रियापदावरून निश्चित करावा लागतो, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

संस्कृतातील ‘सुरुङ्गा’ म्हणजे जमिनीखालून खणलेला मार्ग. ग्रीक भाषेतील ‘सिरिंक्स’ (नळी, नळीसारखा मार्ग) या शब्दाशी त्याचा संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात हा शब्द येतो. महाभारताच्या आदिपर्वात पांडव जतुगृहातून निसटतात तेही विदुराने पाठविलेल्या खनकाने खोदलेल्या सुरुङ्गेतूनच. या सर्व ठिकाणी दारूचा संबंध नाही. पोकळी आणि गुप्तता हेच त्या अर्थाचे दोन घटक आहेत.

तोफा-बंदुकांच्या काळात या पोकळीत दारू भरली जाऊ लागली. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या सैन्याने चाकणच्या भुईकोटाच्या बुरुजाखाली सुरुंग नेला आणि तो उडवून तटाला खिंडार पाडले. येथे सुरुंग आधी ‘खणला’, मग ‘भरला’ आणि शेवटी ‘उडविला’ जातो. एकच शब्द मार्ग, त्यातील दारू आणि स्फोट या तिन्हींचा वाचक होतो. आधारावरून आधेयाकडे जाणारी ही लक्षणाच होय. याउलट नाशिकच्या उत्तरेस असलेल्या रामसेजला १६८२ मध्ये शहाबुद्दीन खानाने वेढा घातला, तेव्हा मोर्चे, सुरुंग आणि लाकडी दमदमा असे उपाय योजूनही किल्ला हाती आला नाही. चाकणचा कोट सपाटीवरील, तर रामसेज डोंगरी. अभंग कातळात लांब मार्ग खणणे आणि मातीत खणणे यांतील अंतर ध्यानात घेतल्याखेरीज या वेढ्यांतील ‘सुरुंग’ शब्दाचे वजन कळत नाही.

स्थापत्यात शब्दाचा प्रवास वेगळा झाला. विहीर किंवा खाण फोडताना खडकात अरुंद छिद्र पाडून त्यात दारू ठासतात, हाही सुरुंगच. माणूस जाऊ शकेल असा मार्ग आता हातभर छिद्राएवढा आकसला. ये-जा करण्याच्या मार्गासाठी मराठीने अन्य शब्द योजले : गुप्त वाटेसाठी ‘भुयार’, आरपार रस्त्यासाठी वा लोहमार्गासाठी ‘बोगदा’. १८६५ मध्ये थळ घाटातून इगतपुरीकडे लोहमार्ग सुरू झाला; समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा दुहेरी मार्ग २०२५ मध्ये खुला झाला. मराठीत दोन्हीकडे ‘बोगदे’च म्हणतात. सुरुंग बोगदा फोडतो. तो स्वतः बोगदा नसतो. हिंदीत मात्र ‘सुरंग’ आजही बोगदाच आहे, म्हणून स्फोटकासाठी तिला ‘बारूदी’ हे विशेषण लागते. हिंदी मजकुराचे घाईने मराठीकरण करताना होणाऱ्या चुकांचे मूळ येथे आहे.

‘भूसुरुंग’ या आधुनिक संज्ञेत मार्ग उरलाच नाही. वस्तूच सुरुंग झाली. तिला शेतीतले ‘पेरणे’ हे क्रियापद जोडले गेले. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. पेरणीतून जीवन उगवावे, या अपेक्षेला छेद देणारा हा प्रयोग सवयीने बोथट झाला आहे, हे भाषाभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

लक्षणीय बाब अशी की, मूळ अर्थ सर्वाधिक टिकला तो रूपकात. निवडणुकीच्या वार्तांकनात ‘बालेकिल्ल्याला सुरुंग लावला’ असे म्हणतात, तेव्हा केवळ पराभव अभिप्रेत नसतो; पायाखालून, नकळत, बहुधा आतल्याच माणसांच्या मदतीने झालेले पोखरणे अभिप्रेत असते. वस्तुवाचक अर्थाने गमावलेला पोखरण्याचा भाव आलंकारिक अर्थाने असा जपला आहे.

तात्पर्य, खणणे, भरणे, ठासणे, उडविणे, पेरणे आणि लावणे या क्रियापदांसह ‘सुरुंग’ वेगवेगळा अर्थ धारण करतो. कोशात या शब्दाखाली केवळ प्रतिशब्द देऊन भागणार नाही. क्रियापदांसह प्रयोग द्यावे लागतील. वर्गात ऐतिहासिक गद्य शिकविताना, सुरुंग फुटण्यापूर्वी तो कोणीतरी खणलेला असतो, याचे भान विद्यार्थ्यांना दिले, तर वेढ्याच्या वर्णनातील अंधार, घाम आणि श्रमाचे दिवस त्यांना वाचता येतील.