साखर कारखान्यातील संगणक जाळे आणि आपल्या उसाची नोंद

लागण झाली की चिटबॉय येऊन नोंद घेऊन जातो. पुढे तोडणीची टोळी फडात येईपर्यंत त्या नोंदीचे काय होते, याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. वास्तविक उसाची पाळी त्या नोंदीवरच ठरते.

गट कार्यालय, शेतकी विभाग, वजनकाटा व हिशेब विभाग येथील संगणक एकमेकांस जोडले म्हणजे एके ठिकाणी भरलेली माहिती सर्वत्र मिळते. यालाच संगणक जाळे म्हणतात. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या साहाय्याने १९९८ साली असे जाळे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. लागणीची नोंद, तोडणीची परवानगी व वजनाची माहिती गावातच मिळू लागली, कारखान्यावरचे हेलपाटे कमी झाले. पुढे सात गावांत आठ महिने हीच कामे मोबाईलवरील लघुसंदेशाने करून पाहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात ही पद्धत स्वस्त पडली व शेतकऱ्यांनाही अधिक पसंत पडली, असे आढळले. आमच्या मते यंत्र किती मोठे, यापेक्षा ते शेतकऱ्याच्या हाताशी आहे की नाही, हे महत्त्वाचे.

आता कामाची रीत पाहू. गटात भरलेली लागणीची तारीख, जात, क्षेत्र आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा हा प्रकार यांवरून तोडणीचा क्रम लावला जातो. काट्यावर भरल्या गाडीचे व रिकाम्या गाडीचे वजन नोंदले जाते, त्यातील फरक आपल्या खात्यावर पडतो. खते, बियाणे व सोसायटीच्या कर्जाची वसुलीही त्याच खाते क्रमांकावर होते. अड्ड्यात किती गाड्या उभ्या आहेत हे शेतकी विभागास लगेच कळत असल्याने गाळप बंद पडल्यास नवीन तोड थांबविता येते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा. तो वाळला की वजन व उतारा दोन्ही घटतात.

परंतु जाळे चुकीची नोंदही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचविते. समजा, जुलैची आडसाली लागण ऑक्टोबरची म्हणून भरली गेली, तर तो फड यादीत तीन महिने मागे जातो. तोवर उसाला तुरा येतो, कांडी पोकळ पडते. पूर्वी शिवार माहीत असलेला कारकून एखादे वेळी म्हणे, "अहो, हा ऊस जुना आहे." संगणक तसे म्हणत नाही.

म्हणून लागणीनंतर महिन्याभरात नोंदीचा उतारा मागून घ्यावा. त्यातील गट क्रमांक, क्षेत्र, जात, लागणीची तारीख व बँक खाते स्वतः तपासावे. चूक आढळल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, तोंडी सांगून भागत नाही. दुरुस्ती झाली की नवा उतारा पाहावा. हंगामात प्रत्येक खेपेची वजन पावती जपून ठेवावी व बिलाशी ताडून पाहावी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यास बंधनकारक आहे. विलंब झाल्यास सालीना १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. हे दिवस पावतीवरील तारखेपासूनच मोजता येतात.