आवाज ऐका, पण बोअर मोजा

"सर, उलट तुमचाच फायदा झाला की! शंभरच्या पैशात एकशे पस्तीस मिळाली."

नांदेडच्या ज्या गृहस्थाकडून मी जुनी आरएक्स १०० मोटारसायकल घेतली, त्यांनी फोनवर हसत हसत दिलेलं हे उत्तर. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. जुन्या गाड्यांच्या नादातली नांदेड-लातूरकडची मंडळी एकमेकांना ओळखतात, कोणाबद्दल बोलतोय ते त्यांना कळेल.

"बघून घ्यायचं होतं ना" हे मला आतापर्यंत बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. बघितलं होतं. आरसी बघितली, विमा बघितला, २०२४ चं नूतनीकरण बघितलं. चेसिस नंबर हँडलच्या मानेवर, इंजिन नंबर क्रँककेसवर, दोन्ही कागदाशी आकडा न् आकडा जुळवून घेतले. जुळले. जुळणारच, कारण ते जुळवूनच ठेवले होते. पैसे मोजले ८५ हजार. तेवढ्यात शोरूममधून नवी कोरी शंभर सीसीची गाडी दारात आली असती, हे आमच्या शाळेतला एक तरुण शिक्षक मला अजून रोज सांगतो.

गाडी १९९४ ची, एमएच २६. वजिराबादच्या मागच्या गल्लीत ती उभी होती. एका किकमध्ये सुरू झाली. भोवती चार-पाच शौकीन जमले. "काय बघायलाव सर, आवाज ऐका! जपानचं इंजिन हाय." १९८५ च्या सुमाराला सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून आले हे खरं आहे. पण १९९४ च्या गाडीत जपान कुठून येणार? मी तसं बोललो, तर सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी गुरुद्वाऱ्यात चप्पल घालून शिरलोय. मग विषय नव्या गाड्यांवर गेला. नव्या गाड्यांत जीव नाही, सगळं सेन्सरवर, पोरांना किक मारता येत नाही. हा त्या मंडळींचा ठरलेला पाठ आहे. माझं लक्ष तिकडं वळवायलाच तो म्हटला गेला, असं मला आता वाटतं.

मी एकच गोष्ट दोनदा विचारली : ऑइल पंप चालू आहे का? या गाडीत टू-टी ऑइलची टाकी वेगळी असते, पंप ते हळूहळू इंजिनात सोडतो. पंप बंद असेल तर ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. "चालू हाय की सर. टाकी भरलेली दिसत न्हाई का?" टाकी भरलेली दिसत होती. महिनाभर ती तेवढीच भरलेली राहिली, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

एप्रिलच्या उन्हात चाकूरच्या अलीकडं इंजिन जाम झालं. मागचं चाक घासत गेलं, क्लच दाबला म्हणून वाचलो. गाडी छोट्या टेम्पोत टाकून लातूरला आणली. गंजगोलाईजवळचे एक वयस्कर मिस्त्री टू-स्ट्रोकशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. त्यांनी आधी पंपाची नळी ओढली. आत खिळा ठोकलेला. पंपाचं तोंड कधीच बंद केलेलं होतं, टाकीतलं ऑइल नुसतं दाखवायला. मग हेडचे चार नट काढले, सिलिंडर उचललं, व्हर्नियर लावला आणि तो माझ्यापुढं धरला.

"वाचा सर."

अठ्ठावन्न.

आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०. हिशेब केला की ९८ सीसी येतात. पन्नासाच्या स्ट्रोकवर बोअर ५८ केला की १३२ होतात, म्हणजे आरएक्स १३५. मी गणित शिकवतो, हा हिशेब मला कागदाशिवाय जमतो. पण बोअर झिजून मिलिमीटरचा छोटासा अंशच वाढतो, आठ मिलिमीटर वाढत नाही, एवढं कळायला गणित लागत नाही. मिस्त्रींनी काही न बोलता चिंधीवर रॉकेल घेतलं आणि क्रँककेसवरचा नंबर पुसायला लागले. काळपट वंगण गेलं, चंदेरी रंग गेला, खाली कानशीचे आडवे ओरखडे. त्यावर हातानं ठोकलेले आकडे, एक खोल, एक उथळ, शेवटचा तिरका. माझ्या आरसी पुस्तकातला नंबर दुसऱ्याच कुणाच्या इंजिनावर.

त्या संध्याकाळी केलेल्या फोनला ते वर लिहिलेलं उत्तर मिळालं. नंतर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. आणि चारचौघांत सांगितलं काय, तर "लातूरच्या मास्तरला टू-स्ट्रोक चालवता येत न्हाई, इंजिन जाळलं." ज्यांच्यासोबत चहा घेत सौदा झाला त्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. एक जण म्हणाला, "जुन्या गाडीत एवढं चालतंच, सर." एवढं म्हणजे केवढं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मनानं करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढं करणार. आणि घासलेला नंबर म्हणजे ते इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. तपासाला पोलीस आले की आधी ज्याच्या दारात गाडी आहे त्यालाच विचारतात. म्हणून मी स्वतः पोलिसांकडं जाऊन लेखी अर्ज दिला, पोच घेतली. असा प्रसंग आला तर तुम्हीही वाट बघू नका.

आमचा तो तरुण शिक्षक २०२१ ची क्लासिक ३५० चालवतो. त्याचं म्हणणं, एबीएस आहे, इंजेक्शन आहे, कटकट नाही. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. आरएक्सचा पुढचा ड्रम ब्रेक पावसात किती धरतो ते मला माहीत आहे. पण याच पठ्ठ्याची गाडी बॅटरी बसली म्हणून लोह्याजवळ अडकली, तेव्हा रस्त्याकडेच्या एकाही मिस्त्रीनं हात लावला नाही. जुनी गाडी प्लग पुसून घरी येते. मला आजही जुनीच आवडते. गाडीनं मला फसवलेलं नाही.

घेणाऱ्यांनी एवढं करा. नंबर नुसता वाचू नका. रॉकेलनं पुसा, वर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या. कंपनीचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे असतात. ऑइलच्या टाकीवर खूण करून गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर पळवा, पातळी हलली पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर पिळताना पंपाची केबल ओढली जाते का तेही बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सही आरसीवरच्या मालकाची हवी, मधल्या माणसाची नको. पैसे बँकेतून द्या. विश्वासू माणूस सोबत न्या, वगैरे नेहमीचं आहेच. माझ्यासोबत दोन विश्वासू होते, दोघंही आवाजच ऐकत बसले.

आणि हेड उघडायला लावा. माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा तोंड उघडून दात बघतो, त्यात मालकाला अपमान वाटत नाही. आपल्या शौकिनांना मात्र चार नट काढा म्हटलं की राग येतो. येऊ द्या.

माझ्या गाडीचं मूळ ९८ सीसीचं इंजिन कुठंतरी आहे. जुनं, नंबर न घासलेलं सुटं इंजिन वेगळं चांगल्या भावानं विकलं जातं, तसंच तेही गेलं असणार. नांदेड, परभणी, हिंगोली भागात अलीकडं कोणी आरएक्सचं सुटं इंजिन घेतलं असेल, तर त्यावरचा नंबर एकदा सरकारी नोंदीशी पडताळून घ्या. तो एमएच २६ च्या १९९४ च्या गाडीचा निघाला, तर कोणाकडून घेतलं ते पोलिसांना सांगा. मला फक्त ते नाव कागदावर हवं आहे.